वैश्विक किरणांत बोरॉन एवढा कसा? मोजण्यात चूक नाही ना?

हायस्कूलच्या बाई, निपाणी
नमस्कार. मी इथं मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीतल्या एका मुलीनं तक्ता पुढं ठेवला: सूर्यमालेत दहा लाख कार्बनमागं बोरॉन दोन-तीन, आणि वैश्विक किरणांत, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगानं येणाऱ्या अणुकेंद्रकांत, शंभर कार्बनमागं पंचवीस-तीस! "बोरॉनचा अणुक्रमांक पाच, कार्बनचा सहा, शेजारी शेजारी, बाई. मोजतानाच घोटाळा झाला असेल की." शंका मला रास्त वाटते, पण मोजतात कसं हेच मला धड सांगता येईना. कोणी सोपं करून सांगेल का?

भट्टीवाला, खानापूर
बाई, मुलीनं नेमकी जागा पकडली ओ. मोजणाऱ्यांनी घाम तिथंच गाळलाय. पातळ सिलिकॉनमधून जाताना कण किती ऊर्जा टाकतो, ते त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर ठरतं. वेग सारखा असेल तर बोरॉनचा भार ५ म्हणून २५, कार्बनचा ६ म्हणून ३६. वेग वेगळा मोजून घेतात. एका थराचा आकडा मात्र हलतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. २०११ पासून अवकाश स्थानकावर असलेल्या एएमएस-०२ या कण मोजणाऱ्या यंत्रामध्ये असे नऊ थर आहेत. वर सहा आणि खाली पाच आला, तर कार्बन यंत्रातच फुटला, तो बोरॉन धरायचा नाही. फुग्यातून यंत्रं सोडायचे तेव्हा तर वरची उरलीसुरली हवासुद्धा कार्बन फोडायची. तेवढा बोरॉन हिशेबानं वजा करावा लागे.

म्हणजे आकडा खराच. मग एवढा येतो कुठून? आमच्या वडिलांची कौलांची भट्टी होती, माल गोव्याला जायचा. तिकडं उतरवताना तूटफूट किती निघाली हे कळलं की वडील सांगायचे, गाडी चोर्ला घाटातून गेली की अनमोड घाटातून. भट्टीवर खापऱ्या कोणी भरत नाही, त्या वाटेत होतात. ताऱ्याच्या पोटात बोरॉन टिकतच नाही, जळून जातो. कार्बन-ऑक्सिजनची केंद्रकं आकाशगंगेतल्या हायड्रोजनवर आदळून फुटतात, त्याच्या खापऱ्या म्हणजे लिथियम, बेरिलियम, बोरॉन. त्या मोजून वाट कळते: दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० ग्रॅम वस्तू ओलांडून हे किरण आलेत. जेमतेम अर्धी वीत पाणी! पण ताऱ्यांमधल्या पोकळीत तेवढं भरायला लाखो प्रकाशवर्षं धावावं लागतं.

टिळकवाडी
माझी मावशी मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत इमल्शनच्या, म्हणजे फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेल्या, काचा तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा. ती सांगायची, हलका कण गेला की सुटे सुटे ठिपके दिसतात. जड केंद्रकाची रेघ जाड, काळी, आणि दोन्ही अंगांनी सुरवंटासारखे केस. ते केस मोजून भार ठरवायचा. १९४८ साली अमेरिकेत फुग्यातून वर नेलेल्या अशाच काचांत जड केंद्रकं पहिल्यांदा सापडली. त्या कामातले बर्नार्ड पीटर्स पुढं टीआयएफआरलाच आले.

हायस्कूलच्या बाई, निपाणी
खापऱ्या उद्याच वर्गात नेते. अजून एक. पुस्तकात बेरिलियम-७ ची अर्धायु ५३ दिवस दिलीय. मग एवढ्या लांबून तो पोचतो कसा?

भट्टीवाला, खानापूर
त्याला क्षय पावायला आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळावा लागतो. वैश्विक किरणांत केंद्रक उघडं असतं, सगळे इलेक्ट्रॉन निघून गेलेले. गिळायला काहीच नाही, म्हणून टिकतो. बेरिलियम-१० ला तशी गरज नाही, त्याची अर्धायु सुमारे १४ लाख वर्षं. तो किती उरला हे उपग्रहावर मोजून १९७७ मध्ये या किरणांचं वय १ कोटी ७० लाख वर्षांच्या आसपास काढलं.

बेरिलियम-७ आपल्या हवेतही तयार होतो बघा, हे किरण नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळून. पण इथं त्याला इलेक्ट्रॉन लगेच मिळतात. मग तो पावसाबरोबर खाली येतो, कणकुंबीच्या पावसातसुद्धा, आणि ५३ दिवसांत निम्मा होतो.