मे महिन्यात डिस्क झोपवायच्या की फिरत्या ठेवायच्या?

शटरवाला, लातूर

लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आहे. स्टुडिओच्या वर पत्र्याची खोली, तिथं जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केलाय, चार हार्ड डिस्क. दहा दिवसांपूर्वी दुपारी तीनला खोलीत 42 अंश आणि मधल्या दोन डिस्क 57 वर. कागदावर मर्यादा 60. पंख्याचा वेग वाढवला, तर नुसता घरघराट वाढला. पंखा शेवटी खोलीतलीच हवा मारणार ना.

म्हणून नऊ दिवसांपूर्वीच एचडीपार्ममध्ये (डिस्क किती वेळानं थांबवायची ते ठरवणारी लिनक्सची कमांड) 240 टाकलंय. पाच सेकंदांचे 240 म्हणजे वीस मिनिटं. तेवढ्यात कुणी हात लावला नाही की डिस्क फिरायची थांबते, म्हणजे झोपते. चालू काम एसएसडीवर (न फिरणारी, चिपवाली डिस्क) असतं, सर्व्हरवर सगळी जुनी लग्नं. मागच्या वर्षीचा हळदीचा व्हिडिओ आज कोण मागायलंय? माझं मत पक्कं आहे: आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिस्क झोपवणं हाच खरा उपाय. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

रॅकखालचा, छत्रपती संभाजीनगर

मला पटत नाही. डिस्कला फिरण्याचा त्रास कमी आणि थांबून पुन्हा सुरू होण्याचा जास्त. सुरू होताना 12 व्होल्टवर एकेक डिस्क दीड-दोन अँपिअर ओढते. चारही एकदम उठल्या की स्वस्तातल्या एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, परीक्षाच. जुनी डिस्क थांबवली आणि परत उठलीच नाही, हे दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः पाहिलंय. सुट्टीआधी ती बिचारी गुमान फिरत होती.

दुसरं, उष्णतेचा बाऊ करू नका. 2007 साली गूगलच्या लोकांनी 1 लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. तापमान वाढलं म्हणून डिस्क भराभर मेल्या, असं त्यात दिसलं नाही. उलट फार थंड ठेवलेल्या जास्त गेल्या.

परभणीकर

दादा, त्या डिस्क एसीतल्या. 57 वर फिरणाऱ्या त्यांच्याकडं कितीशा असणार? आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कना जास्त तापमान बाधतं, हेही त्याच अभ्यासात आहे. अर्धंच वाचून काय बोलायलाव!

रॅकखालचा

मान्य, ते वाक्य आहे त्यात. पण शटरवाले, एक सांगा. डिस्क झोपलीय हे तुम्हाला कळतं कसं?

शटरवाला

स्क्रिप्ट आहे की. दर अर्ध्या तासाला चारही डिस्कचं तापमान वहीत... म्हणजे फाइलमध्ये टिपते. झोपवायला लागल्यापासून दुपारचा आकडा 57 वरून 54 वर आलाय.

रॅकखालचा

मग झालं! पुष्कळ डिस्क तापमान विचारलं की जाग्या होतात. तुमची स्क्रिप्ट अर्ध्या तासानं उठवते, वीस मिनिटांनी ती झोपते, दहा मिनिटांनी पुन्हा उठवता. दिवसाला 48 वेळा. वर्षाला 17,520. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर चालू-बंदचा आकडा 50,000 असतो, तो तीन वर्षं पुरी व्हायच्या आत संपेल. स्मार्टच्या यादीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) चौथ्या क्रमांकाला स्टार्ट-स्टॉप काउंट असतो, बघा.

शटरवाला

बघितला. नऊ दिवसांपूर्वीचा जुना स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं, त्यात 212. आज 640. चेहरा कुठं लपवू.

सोल्डर, नांदेड

लपवू नका, दुरुस्त करा. स्मार्टसीटीएलला (स्मार्टची नोंद वाचणारी कमांड) डॅश एन स्टँडबाय जोडा, म्हणजे झोपलेल्या डिस्कला तो विचारतच नाही. फाइलसिस्टीम नोएटाइमनं माउंट करा, म्हणजे फाइल नुसती वाचली तर त्याची वेळ डिस्कवर लिहिली जात नाही. फोटोंचे थंबनेल बनवणारं काही चालू असेल तर तेही एसएसडीवर न्या, नाहीतर रात्री दोनला तेच उठवतं.

आता माझा धंदा यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचा, म्हणून वेगळं सांगतो. माझ्याकडं येणाऱ्या डिस्कपैकी निम्म्यांची कहाणी एकच: लाईट गेली, आली, परत गेली. फिरत्या डिस्कचा करंट असा तुटला की हेड (डिस्कवरचं वाचायचं-लिहायचं टोक) घाईघाईनं मागं ओढलं जातं, त्याची वेगळी मोजणी असते, स्मार्टच्या यादीत 192 नंबरला. झोपलेल्या डिस्कचं हेड आधीच जागेवर बसलेलं असतं. आपल्या भागात झोपवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो, उष्णतेचं मागून.

रॅकखालचा

त्याला उपाय यूपीएस. यूएसबी वायर जोडा आणि बॅटरी उतरली की मशीन शिस्तीत बंद होऊ द्या. त्यासाठी रोज डिस्क कामून झोपवायची?

सोल्डर

यूपीएसची बॅटरीपण त्याच पत्र्याखाली आहे ना भाऊ. 42 अंशात ती किती वर्षं टिकते ते मला विचारा.

परभणीकर

विजेचं कुणीच बोलेना. एक डिस्क झोपली की साधारण 4 वॅट वाचतात. चार डिस्क, दिवसाला 18 तास, म्हणजे महिन्याला साडेआठ युनिट. बिलात फार तर शंभराची नोट. त्यासाठी झोपवू नका, बाकी कारणं ठीक.

माळवदकर, अंबाजोगाई

तुम्ही सगळे डिस्कच्या मागं लागलात, खोलीकडं कुणी बघेना. माझा सर्व्हर वाड्यातल्या माळवदाच्या खोलीत आहे. वर हातभर माती, दोन फुटी भिंती. बाहेर 42 असताना आत 33. डिस्क चोवीस तास फिरतात, 43-44 च्या वर गेल्या नाहीत. दोन डिस्कमध्ये बोटभर फट ठेवली आणि समोर 120 मिलिमीटरचा एक पंखा, बस्स.

शटरवाला

सर, माळवद कुठून आणू? कूलर लावून पाहिला होता. खोली आठ अंशांनी उतरली, पण बोअरचं पाणी. पंधरा दिवसांत केसच्या पंख्याच्या पात्यांवर पांढरा क्षार बसला, नखानं खरवडावा लागला. तोच मदरबोर्डवरही बसत असणार म्हणून काढून टाकला.

रॅकखालचा

जिन्याखाली न्या की. तळमजला, सावली, वर काँक्रीट.

शटरवाला

जिन्याखाली आईचे शेवया-कुरडयांचे डबे आहेत. बोलणी चालू आहेत.

तोवरचा हिशोब: स्क्रिप्ट सुधारली, टाइमर एक तासाचा केला (एचडीपार्ममध्ये 242). चार दिवसांत काउंट 640 वरून 651. दुपारी चारही डिस्क झोपलेल्या असतात, रात्री साडेनवाला बॅकअप सुरू झाला की उठतात. तेव्हा खोली 36 असते, डिस्क 47 पर्यंत जातात. मत बदललेलं नाही.

रॅकखालचा

दिवसाला तीनेक वेळा असेल तर माझी हरकत संपली. पण जिन्याखाली नेलं की झोपवणं बंद करून महिनाभर आकडे टाका, मग बोलू. तोपर्यंत पत्र्यावर ओली पोती टाका.

शटरवाला

दादा, 2016 ला आमच्या गावाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलंय. पत्र्यावर ओतायला सांगू नका. चुना मारतो.