बीगलबोनवर 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' : जुन्या ग्लिबसीसाठी क्रॉस टूलचेन कशी बांधायची?

अंबड_लिंकरोड
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष प्रीकूलिंग युनिटमध्ये बीगलबोन ब्लॅकवर (आर्म प्रोसेसरचा छोटा लिनक्स बोर्ड) तापमान लॉगर चालतो. बोर्डावर डेबियन १०, कर्नल ४.१९. प्रोग्रॅम सी++ मधला, लिबमॉडबस (मॉडबस प्रोटोकॉलची लायब्ररी) वापरणारा, डेटा एमक्यूटीटीने (ब्रोकर नावाच्या सर्व्हरमार्फत संदेश पोचवणारा प्रोटोकॉल) वर पाठवतो. इकडे अंबडला लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मध्ये उबुंटू २२.०४, रॅम ८ जीबी. ॲप्टमधून आर्म हार्ड-फ्लोटचा जीसीसी (कंपायलर) टाकला. बिल्ड बिनतक्रार होतो, पण बोर्डावर 'व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' येतं, म्हणजे ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीची हवी ती आवृत्ती तिथे नाही.
'-स्टॅटिक' दिलं (सगळ्या लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच भरल्या) तर चालतं, पण लिंक करताना गेटॲड्रइन्फो या नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनबद्दल वॉर्निंग येते. हंगाम चालू असल्याने बोर्डाची ओएस बदलता येणार नाही. क्रॉसटूल-एनजीचा (दुसऱ्या बोर्डासाठीची टूलचेन, म्हणजे कंपायलर-लिंकर-लायब्ररींचा संच, बांधणारं साधन) मेन्यू उघडला, पण कुठली आवृत्ती निवडायची ते उमगत नाही.

गोदाकाठचा_कर्नल
भाऊ, तुमच्या कोडमध्ये दोष नाही. ॲप्टमधला क्रॉस जीसीसी स्वतःची ग्लिबसी सोबत आणतो, आणि उबुंटू २२.०४ मध्ये ती २.३५ आहे. बोर्डावर २.२८. जुन्या ग्लिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. २.३४ हाच आकडा दिसतो कारण त्या आवृत्तीत (ऑगस्ट २०२१) लिबपीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) मुख्य लिबसीमध्ये विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा व्हर्जन-शिक्का लागला. त्यामुळे 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा अडतो.

स्टॅटिकचा मोह सोडा. ती वॉर्निंग खरी आहे: होस्टनेम शोधताना ग्लिबसी एनएसएसच्या (नावं शोधून देणाऱ्या) लायब्रऱ्या रनटाइमला उघडते आणि त्या लिंक करतानाच्याच आवृत्तीच्या लागतात. आयपी पत्ता दिलात तर चालेल, ब्रोकरचं नाव दिलंत की कधी पडेल सांगता येत नाही.

आवृत्त्या मनाने निवडू नका, डेबियन १० चाच संच घ्या: ग्लिबसी २.२८, बिनयूटिल्स (लिंकर वगैरे) २.३१, जीसीसी ८, लिनक्स हेडर्स (कर्नलशी बोलण्याच्या व्याख्यांच्या फायली) ४.१९. जीसीसी ८ मुद्दाम. त्याहून नवा घेतलात तर ग्लिबसी जुळेल आणि मग लिबएसटीडीसी++ (सी++ ची लायब्ररी) भांडायला येईल, कारण बोर्डावरची ती ग्लिबसीएक्सएक्स_३.४.२५ या व्हर्जन-शिक्क्यापर्यंतच जाते. यादीत जुन्या आवृत्त्या दिसल्या नाहीत तर पहिल्याच मेन्यूतलं 'ट्राय फीचर्स मार्क्ड ॲज ऑब्सोलीट' चालू करा.

हेडर्सचं विशेष सांभाळा. क्रॉसटूल-एनजी ग्लिबसीला किमान कर्नल म्हणून तुम्ही निवडलेली हेडर्सचीच आवृत्ती सांगतो. ५.१५ ची हेडर्स घेऊन स्टॅटिक बांधलंत तर ४.१९ वर प्रोग्रॅम 'फेटल: कर्नल टू ओल्ड' म्हणून पहिल्याच ओळीत मरतो. हेडर्स बोर्डाच्या कर्नलएवढी किंवा त्याहून जुनी.

आता डब्ल्यूएसएल. '/एमएनटी/सी' खाली बिल्ड करू नका. तिथे लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नाही आणि कर्नलच्या नेटफिल्टर हेडर्समध्ये फक्त अक्षरांच्या आकाराने वेगळ्या असलेल्या फायली आहेत. एक दुसरीवर बसते. लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करा, १०-१५ जीबी मोकळे ठेवा. पाथमधून विंडोजची 'प्रोग्रॅम फाइल्स'वाली नावं काढा, स्पेस असलेला पाथ बिल्ड स्क्रिप्टना पचत नाही. सीफ्लॅग्ज आणि एलडी_लायब्ररी_पाथ अनसेट करा. आणि रूट होऊन चालवू नका.

८ जीबीच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल२ ला साधारण निम्मी रॅम मिळते. म्हणून 'सीटी-एनजी बिल्ड.२' एवढंच. बिल्ड.८ दिलंत तर मध्येच 'इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड' येईल. लोक त्याला जीसीसीचा बग समजतात; 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग) बघा, कर्नलनेच मेमरीअभावी सीसी१प्लस (जीसीसीचा सी++ भाग) मारलेला असतो.

'सेव्ह इंटरमीजिएट स्टेप्स'ही चालू करा. जीसीसी यात एकदाच बनत नाही: आधी ग्लिबसी कंपाइल करण्यापुरता अर्धा, मग ग्लिबसी, मग तिच्या आधारावर पूर्ण. शेवटाजवळ काही फुटलं तर 'सीटी-एनजी लिबसी_मेन+' देऊन तिथून पुढे जाता येतं.

सातपूर_सोल्डर
वर एक राहिलं. जुना क्रॉसटूल-एनजी १.२४ वापरत असाल तर आयएसएल (जीसीसीला लागणारी लायब्ररी) डाउनलोडलाच अडकेल, तो ज्या सर्व्हरवर होता तो बंद झालाय. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्याही मूळ जागेवरून हलवल्या जातात. १.२६ किंवा पुढचा घ्या. नाहीतर टारबॉल (सोर्सची गठडी) हाताने आणून होममधल्या 'एसआरसी' फोल्डरमध्ये ठेवा आणि मेन्यूत लोकल टारबॉलचा मार्ग तोच आहे ना ते पाहा.

अंबड_लिंकरोड
गोदाकाठ दादा, आभार. 'आर्म-कॉर्टेक्स_ए८-लिनक्स-ग्नूइएबी' सॅम्पल (तयार सेटिंग) घेऊन वरच्या आवृत्त्या टाकल्या, बिल्ड पूर्ण झाला. आता बोर्डावर प्रोग्रॅम चालवला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल समोर आहे, एक्झिक्यूट परवानगी आहे, एलएसला दिसते!

गोदाकाठचा_कर्नल
नावातच उत्तर आहे. शेवटी 'ग्नूइएबी' आहे, 'ग्नूइएबीएचएफ' नाही. म्हणजे सॉफ्ट-फ्लोट एबीआय (फंक्शनना आकडे कसे द्यायचे याचा ठरलेला नियम). सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे, तिचा लोडर (प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्या मेमरीत चढवणारा). 'रीडएल्फ -एल' चालवून 'इंटरप्रिटर' शोधा: तुमच्यात '/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.३' असेल, बोर्डावर '/लिब/एलडी-लिनक्स-आर्महफ.एसओ.३' आहे. फाइल नसो की लोडर, शेल बिचारा दोन्हींसाठी एकच संदेश देतो.

टार्गेट ऑप्शन्समध्ये फ्लोटिंग पॉइंट 'हार्डवेअर' करा, एफपीयू 'निऑन' लिहा, ट्युपलला (टार्गेटच्या त्या लांब नावाला) 'एचएफ' जोडण्याचा पर्याय चालू आहे ना ते पाहा. लोडरची सिमलिंक बनवून भागवू नका. प्रोग्रॅम सुरू होईलसा वाटेल, पण एका बाजूने फ्लोट आकडे साध्या रजिस्टरात आणि दुसरीने व्हीएफपी (फ्लोटसाठीच्या खास) रजिस्टरात शोधले जातील. तापमान ४ अंशाऐवजी काहीही दिसेल आणि एररही येणार नाही. एबीआय बदलला की सगळंच पुन्हा बांधायचं, सेव्ह केलेल्या स्टेपवरून नाही: 'सीटी-एनजी क्लीन', मग बिल्ड.

सातपूर_सोल्डर
लिबमॉडबसला पुढे अडाल म्हणून आत्ताच सांगतो. बोर्डावरून '/यूएसआर/लिब' उचलून सिसरूटमध्ये (टूलचेनमधलं टार्गेटच्या फायलींचं फोल्डर) ओतू नका. डेबियनच्या लायब्रऱ्या मल्टिआर्क (आर्किटेक्चरप्रमाणे वेगळ्या) फोल्डरमध्ये असतात आणि क्रॉसटूल-एनजीचा जीसीसी तिथे बघत नाही. त्यातल्या ॲब्सोल्यूट सिमलिंका तर तुमच्या लॅपटॉपच्याच फायलींकडे बोट दाखवतात.

लिबमॉडबस सोर्सपासून बांधा: कॉन्फिगरला '--होस्ट' मध्ये पूर्ण ट्युपल, '--एनेबल-स्टॅटिक --डिसेबल-शेअर्ड'. लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक' आलं तर घाबरू नका. क्रॉस करताना कॉन्फिगरला टार्गेटवर चाचणी चालवता येत नाही, म्हणून तो मॅलॉक बिघडलेला धरतो. कॉन्फिगरच्या आधी 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=यस' एक्सपोर्ट करा.

एक्स-टूल्स (टूलचेन जिथे बसते ते) फोल्डर डिफॉल्टने रीड-ओन्ली असतं. लायब्ररी वेगळ्या स्टेजिंग फोल्डरमध्ये ठेवणं बरं, नाहीतर 'सीएचमॉड -आर यू+डब्ल्यू'.

पंचवटी_मेकफाइल
एवढा खटाटोप कशाला? डॉकरमध्ये डेबियन १० चा कंटेनर उघडा, त्यात आर्म-एचएफचं क्रॉसबिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाका. ग्लिबसी २.२८, जीसीसी ८, सगळं आपोआप जुळतं. बस्टरचा (म्हणजे डेबियन १० चा) एलटीएस, लांब मुदतीचा सपोर्ट, जून २०२४ मध्ये संपला, त्यामुळे सोर्सेस यादीत आर्काइव्ह सर्व्हरचा पत्ता लागेल. आर्किटेक्चर जोडून लिबमॉडबसचं आर्म-एचएफ डेव्ह पॅकेजही तिथूनच मिळतं.

गोदाकाठचा_कर्नल
पंचवटी, डेबियनच्या बोर्डासाठी हाच रस्ता सोपा, मान्य. उद्या गिऱ्हाइकाने यॉक्टोवाला (स्वतः बांधलेल्या लिनक्सचा) बोर्ड दिला की तो चालणार नाही. अंबड, घाईत असाल तर आज कंटेनर वापरा आणि टूलचेन निवांत बांधा. दोन्हींचा निकाल तपासायची रीत एकच: 'ऑब्जडंप -टी' (कॅपिटल टी) च्या आउटपुटमध्ये 'ग्लिबसी_' शोधायचं. सर्वांत मोठा आकडा २.२८ किंवा कमी असेल तरच फाइल पिंपळगावला पाठवा.

अंबड_लिंकरोड
कंटेनरमधून बांधलं. सर्वांत मोठा आकडा २.२८, इंटरप्रिटर आर्महफवाला. बोर्डावर चालू आहे, ब्रोकरचं नावही सापडतंय. एचएफवाली टूलचेन बिल्ड.२ वर लावून ठेवली आहे.