सेलवर चालणारा हातातला पंप होडीतलं पाणी नीट उपसत नाही

प्रश्न : वल्हेवाला

साडेतीन मीटरची, सपाट तळाची फायबरची वल्ह्याची होडी आहे. तळात पावसाचं आणि लाटांच्या शिंतोड्यांचं पाणी साचतं. ते काढायला तीन मोठ्या डी सेलवर चालणारा हातात धरायचा पंप आहे. खोक्यावर ताशी ७५० लिटर असं छापलंय, म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर. प्रत्यक्षात १० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं लागायची. आता तर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण नळीतून जेमतेम करंगळीएवढी धार पडते. सेल चार्जिंगचे आहेत, रात्रभर चार्ज करूनही पंधरा-वीस मिनिटांत मान टाकतात. नळी बदलली आहे, मूळची आखूड होती म्हणून बागेतली अडीच मीटरची लावली. शिवाय पंप चांगला चालत होता तेव्हाही शेवटचं सेंटीमीटरभर पाणी तळात राहायचंच. यातला दोष पंपाचा किती आणि वापराचा किती? आणि होडीत पाणी शिरू लागलं तर याच्यावर भिस्त ठेवावी का?

उत्तर : तळकोरडा

आधी त्या ७५०चं बघू. हा आकडा पाणी अजिबात वर न चढवता, नळीशिवाय मोजलेला असतो. आत एक छोटा पंखा फिरतो आणि पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावतो. असा पंप जितक्या उंचीवर पाणी चढवेल तितकी धार बारीक होत जाते, आणि एका उंचीवर ती थांबते. मोटर फिरत राहते, पाणी नळीत तिथंच उभं राहतं. तुमच्या होडीत तळापासून काठापर्यंत ५०-६० सेंटीमीटर असतील, म्हणजे छापलेला आकडा मिळणारच नाही.

पण दोन मिनिटांचा दोष बहुतेक नळीचा आहे. या पंपांचं तोंड साधारण १९ मिलिमीटरच्या नळीसाठी केलेलं असतं. बागेतली नळी आतून साडेबारा मिलिमीटरची असेल, तर तेवढंच पाणी ढकलताना दर मीटरला घर्षण सात-आठ पट होतं. त्यात लांबी अडीच मीटर. आतून वळ्यावळ्यांची नळी असेल तर आणखी वाईट. काठावरून वळताना ती चेपते का, तेही बघा. हाताला नुसती वाकलेली वाटते, पण आतली वाट अर्धी बंद झालेली असते. आतून गुळगुळीत, १९ मिलिमीटरची आणि काठ ओलांडून वीतभर बाहेर जाईल एवढीच नळी लावा.

मग मोजा. टबात पाणी घ्या, पंप बुडवा, नळीचं तोंड टबातल्या पाण्यापासून ६० सेंटीमीटर वर धरा आणि १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघा. उंची शून्य असती तर ४८ सेकंद लागले असते. ६० सेंटीमीटरवर ७०-८० सेकंद लागले तर पंपाबद्दल तक्रारीला जागा नाही असं मी मानतो. हा आकडा पंपावरच मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला स्वतःचाच आकडा असतो.

शेवटचं पाणी राहणं हा दोष नाही. जाळीच्या फटी पाण्याच्या वर आल्या की पंप हवा ओढतो, आणि एकदा हवा आत गेली की हा पंप पाणी स्वतःहून पकडत नाही. सपाट तळाच्या होडीत हे फार जाणवतं : ३ मीटर गुणिले १.२ मीटर तळ धरला तर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ३६ लिटर, म्हणजेच ३६ किलो. म्हणून सामान आणि स्वतःचं वजन मागच्या एका कोपऱ्याकडे घ्या, होडी तिकडे झुकू द्या आणि त्या कोपऱ्यात पंप धरा. पसरलेलं पाणी तिथे चार-पाच बोटं खोल होतं. त्यानंतर जे उरेल ते स्पंजचं काम.

आणखी एक. पाणी संपत आलं की लोक पंप तळातच धरून बटण बंद करतात आणि नळीत उभं असलेलं पाणी परत होडीत येतं. १९ मिलिमीटरच्या नळीत मीटरला पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. पंप चालू ठेवूनच उचला, काठाबाहेर न्या आणि मग बंद करा.

उत्तर : सेलपारखी

पंधरा-वीस मिनिटांत मान टाकणारे सेल आधी वजनकाट्यावर ठेवा. डी आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड सेलमध्ये दोन प्रकार मिळतात. खरा डी सेल ८ ते १० अँपिअर-तासांचा (म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) असतो आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. दुसऱ्या प्रकारात मोठ्या टरफलात लहान पेन्सिल सेल बसवलेला असतो, क्षमता दोन-अडीच अँपिअर-तास. तो हातातच हलका लागतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चार्जिंगच्या सेलवर बहुधा क्षमता छापलेली असते, ती वाचून घ्यावी. नसेल छापली तर तो सेल घेऊ नये.

चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा आणि साधा १.५ चा, म्हणून पंप मंद चालतो, असं बरेच जण सांगतात. ते अर्धवट खरं आहे. चांगला अल्कलाइन सेलही मोटरचा भार आल्यावर १.२ ते १.३ पर्यंत उतरतो, उलट खरा चार्जिंगचा सेल १.२ वर बराच वेळ टिकून राहतो. त्यामुळे सेल चार्जिंगचे आहेत म्हणून लगेच बदलू नका. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल मात्र या पंपात घालूच नयेत. घड्याळाला, छोट्या टॉर्चला ते चालतात, पण मोटर जेवढा प्रवाह मागते तेवढा त्यांना फार वेळ देता येत नाही.

व्होल्टेज मोजायचं ते पंप पाण्यात चालू असताना. बाहेर काढून मोजलं तर दमलेला सेलही ताजा दिसतो. ज्या पंपाचं झाकण उघडून चालवता येत नाही त्याच्यासाठी सेल काढल्या काढल्या, मिनिटभरात मोजा आणि तिघांची आपसात तुलना करा. एक जरी बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे असेल तर तोच घात करतो. एका ओळीत जोडलेल्या सेलमध्ये दुबळा आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटतात. चार्जिंगचा सेल त्यात कायमचा बाद होतो. म्हणून धार मंदावली की थांबायचं, तिन्ही एकदम चार्ज करायचे, आणि जुना-नवा किंवा दोन जातींचे सेल मिसळायचे नाहीत.

धार एकदम का पडते, तर मोटरचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात राहतो, पण पाणी चढवायची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. प्रत्येक सेल १.२५ वरून १.० वर आला की वेग ८० टक्के, चढवायची ताकद ६४ टक्के. जो पंप सव्वा मीटरपर्यंत पाणी नेत होता तो आता ८० सेंटीमीटरवर थांबणार. तुमचा काठ ६० वर, वर नळीचं घर्षण. करंगळीएवढीच धार उरते.

तीन सेलच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी जोडायचा मोह टाळा. धार मिनिटभर जोरात येईल आणि मोटर जळेल.

वल्हेवाला

मोजलं. सेल प्रत्येकी ७८ ग्रॅम. म्हणजे टरफलातलेच. साधे अल्कलाइन घातले तरी धार थोडीच वाढली. मोटरचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा जड, घरघरल्यासारखा येतोय.

उत्तर : उपसा

आवाजावरून बरंच कळतं. पंप पाण्यात असताना आवाज बारीक आणि तीव्र होत असेल तर पंख्यावर पाण्याचा भारच नाही : हवा अडकलीय, जाळी तुंबलीय, नळी चेपलीय किंवा पंखा मोटरच्या दांड्यावर सुटा झालाय. आवाज जड असेल आणि सेल ताजे असतील तर पंख्याला काहीतरी धरून ठेवतंय. तुमचं दुसरं आहे.

सेल काढा, मगच बोटं आत घाला. खालची जाळी बहुतेक पंपांत पाव वळसा फिरवून निघते. काहींत दोन-तीन खाचा असतात, तिथे बोथट पात्याने हलकेच दाबायचं. जाळीवरचा गाळ, पानं, शेवाळ दिसतंच. खरा त्रास पंख्याच्या मागे असतो. केस आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) जाळीतून सहज आत जातात, पंख्याबरोबर गुंडाळले जातात आणि पंखा व सील (दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं रबर) यांच्यामध्ये कडं बनवून बसतात. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. पंखा बोटाने फिरवून बघा, चुंबकामुळे टप्प्याटप्प्याने अडल्यासारखा फिरणं ठीक, पण सतत घट्ट वाटत असेल तर मागे काहीतरी आहे. बारीक चिमट्याने धाग्याचं टोक शोधा आणि पंखा उलटा फिरवत ओढून घ्या. ब्लेड घालू नका, सीलला चिरा पडतात. पंखा खेचून काढायचाही प्रयत्न करू नका, बऱ्याच पंपांत तो दाबून बसवलेला असतो आणि परत तसा बसत नाही.

काहीच निघालं नाही आणि पंप खाऱ्या पाण्यात वापरलेला असेल, तर दांड्याभोवती मीठ धरलेलं असणार. खालचा भाग कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मधूनमधून पंखा बोटाने फिरवा. पुढे दर वेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं चालवायचा, हा एवढाच उपाय. मीठ वाळायच्या आत.

हवा अडकण्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. पंप सरळ उभा पाण्यात खुपसला आणि नळीत आधीचं पाणी उतारावर अडकलेलं असेल, तर पंख्याच्या कप्प्यातली हवा बाहेर जायला वाट उरत नाही. नळी आधी पूर्ण रिकामी करा, पंप आडवा बुडवा, बुडबुडे निघून गेले की सरळ करा आणि मग बटण दाबा. चालू असताना हवा घेतलीच तर बंद करून हेच पुन्हा करायचं. कोरडा फिरवत ठेवू नका. दांड्याचं सील पाण्यानेच ओलं आणि थंड राहतं. काही सेकंद चालतं, मिनिटं नाही.

उत्तर : तळकोरडा

भिस्त ठेवण्याचा प्रश्न मागे पडला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हिशेब करून बघा. पाण्याच्या पातळीपासून ३० सेंटीमीटर खाली १२ मिलिमीटरचं भोक पडलं, म्हणजे एक लहानसा बोल्ट निघून गेला, तर मिनिटाला साधारण १० लिटर पाणी आत येतं. तुमचा पंप अगदी ठणठणीत असला तरी तेवढ्यालाही कमीच पडेल, सेल उतरले की तर आणखीच. भोक २५ मिलिमीटरचं असेल तर मिनिटाला ४० लिटरच्या वर. तिथे हा पंप कुठेच नाही.

अशा वेळी पहिलं काम भोक बुजवणं : बोटाने, चिंधीने, लाकडी खुंटीने. वेगवेगळ्या जाडीच्या तीन-चार निमुळत्या मऊ लाकडाच्या खुंट्या होडीत ठेवाव्यात, ओल्या झाल्या की फुगून घट्ट बसतात. आणि पाणी काढायला बादली. पाणी खोल असताना ८-१० लिटरची बादली मिनिटाला दहा वेळा जरी उलटली तरी या पंपाच्या कित्येक पट पाणी निघतं. बादली दोरीने होडीला बांधलेली हवी, नाहीतर होडी कलंडताना सगळ्यात आधी तीच वाहून जाते. छोट्या कायाकमध्ये बादली शिरत नाही, तिथे दट्ट्याचा हातपंप ठेवावा. त्याला सेल लागत नाहीत.

बसून उपसा, उभं राहून नाही. तळातलं पाणी एका बाजूला धावतं आणि होडीला त्याच बाजूला आणखी झुकवतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोचं वजन जागा बदलत असतं.

नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडू देऊ नका. तळातलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली असतं, नळी भरलेली असते. पंप बंद केलात आणि टोक बुडालेलं असेल तर बाहेरचं पाणी त्याच नळीने आत यायला लागतं. पंप तळात विसरून गेलात तर होडी भरत राहील. टोक काठाला बाहेरून, पाण्याच्या वर, क्लिपने अडकवा.

इंजिनाची होडी असेल आणि तळात पेट्रोलचा वास येत असेल तर हा पंप अजिबात चालू करू नका. आतली मोटर ब्रशची, तिच्यात ठिणग्या पडतात, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळातच साचून असते. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर आधी शोषक कापडाने तो टिपून घ्या, बाहेर पाण्यात ढकलू नका.

वल्हेवाला

पंख्यामागून हातभर तंगूस निघाला, तीन पदरी गुंडाळलेला. १९ मिलिमीटरची सव्वा मीटर नळी लावली. आता ६० सेंटीमीटरवर १० लिटरला ७४ सेकंद. पण सेलच्या कप्प्यात तळाशी दोन-चार थेंब दिसले आणि एका स्प्रिंगवर हिरवट थर आहे. हे सील गेल्याचं लक्षण का?

उत्तर : सेलपारखी

असू शकतं, पण नेमकं बघून घ्या. सेल काढा, कप्पा कोरडा पुसा, आत टिश्यू पेपरच्या दोन घड्या ठेवा : एक तळाशी, एक झाकणाखाली. झाकण लावा, पंप पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून आधी बाहेरून पुसा, मग उघडा. वरची घडी ओली असेल तर दोष झाकणाच्या ओ-रिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याचा. ती काढून खाच कापडाने पुसा, वाळूचा एक कण पुरतो गळायला. रिंगेला चीर नसेल तर सिलिकॉन ग्रीसचा बोट फिरेल इतकाच थर देऊन परत बसवा. गाडीचं ग्रीस नको, काही जातींचं रबर त्याने फुगतं.

खालची घडी ओली असेल तर दांड्याचं सील, तंगुसाने कापलेलं. बंद सांध्याच्या पंपात ते बदलता येत नाही. असा पंप थोडे दिवस चालेल, पण दर वेळी काम झालं की सेल काढून कप्पा उघडा वाळवायचा, आणि बदली पंप घ्यायचा.

स्प्रिंगवरचा हिरवा थर तांब्याचा गंज आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग गोड्या पाण्याची काडी, मग कोरडी. थर पांढरा, भुकटीसारखा असता तर तो अल्कलाइन सेलमधून गळलेला क्षार. त्यालाही व्हिनेगरच, फक्त हातमोजे घालून, डोळ्यांपासून लांब. पंप महिनाभर नुसता पडून राहणार असेल तर सेल आत ठेवू नका.