बँकॉकमधलं रोजचं जगणं : तुमचे अनुभव लिहा

सायलीची आई
आज शनिवार. मारुतीच्या देवळाबाहेर रुईचे हार बघितले आणि बँकॉकचे सिग्नल आठवले. तिथे गाड्या थांबल्या की फुलवाले मधून फिरायला लागतात. मोगऱ्याच्या कळ्यांचं गच्च ओवलेलं कडं, खाली लोंबणारी रुईची फुलं, टोकाला गुलाब. टॅक्सीवाला काच खाली करून एक घेणार, हात जोडणार, आरशाला अडकवणार. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहिलो. राजवाडा सगळेच बघतात, मला अजून ओढ आहे ती रस्त्यावरच्या या गोष्टींची. तिथे राहिलेल्यांनी लिहा ना.

खाडीकाठचा
सान सेप कालव्यातली बोट!! कडेला बसलात तर ताडपत्रीची दोरी तुमच्या हातात. समोरून बोट आली की ओढायची, नाहीतर ते काळं पाणी अंगावर. तिकीटवाली बाई हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत पैसे गोळा करते. खालचा पूल आला की छप्पर खाली येतं, ती पण वाकते, आणि सुटे पैसे देणं चालूच. लोकलच्या दारात उभं राहून जन्म गेला माझा, पण त्या बाईला सलाम.

मृदुला_के
लुंफिनी बाग. संध्याकाळी ६ ला राष्ट्रगीत लागतं, पळणारे सगळे जागच्या जागी उभे. घामाने निथळतायत पण हलत नाहीत. संपलं की परत पळायला सुरुवात. सकाळी ८ ला स्टेशनवर पण तेच. मला दर वेळी भरून यायचं.

देशपांडे काका
आणि तिथल्या घोरपडी? तळ्यातून निघून बाकाशेजारून निवांत जातात. नातू म्हणाला, आजोबा, दोर बांधून गड चढू या 😄

अनघा
दुकानांबाहेरची छोटी देव्हाऱ्यासारखी घरं! जागेच्या राखणदाराला लाल फँटाचा नैवेद्य, बाटलीत स्ट्रॉ घालून. आमच्या कोकणातला राखणदार आठवतो.

वर्षा_नाशिक
शाकाहारी लोकांनी पिवळ्या पाटीवरचं थाई लिपीतलं लाल 'जे' शोधायचं, ती शुद्ध शाकाहाराची खूण. कांदा-लसूणसुद्धा नाही. आपल्या नवरात्राच्याच सुमारास त्यांचे शाकाहाराचे ९ दिवस असतात, यावरात भागात (तिथलं चायनाटाउन) नुसते पिवळे झेंडे. तेव्हा सिलोमच्या मारिअम्मन देवळात पण नवरात्र असतं, थाई लोकांचीच गर्दी जास्त.

पराग
२०११ चा पूर. डॉन मुआंग विमानतळ पाण्यात. लोकांनी गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या होत्या. दुकानांत प्यायचं पाणी मिळेना. शेजारच्या आजी एक शब्द इंग्रजी न येणाऱ्या, रोज दाराशी दोन बाटल्या ठेवून जायच्या. मुलगी तान्ही होती आमची.

सायलीची आई
@पराग, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजी आहेत का अजून?

पराग
नाहीत ताई. त्यांची मुलगी दर सोंगक्रानला (थाई नववर्षाला) फोन करते. लेक बोलते तिच्याशी थाईत.

रश्मी
कुकर लावून आले. त्या पपईच्या कोशिंबिरीचं कोणी सांगेल का? गाडीवर उंच खलात ठेचतात ती, ठक् ठक् आवाज गल्लीभर.

वर्षा_नाशिक
सोम तम. कच्ची पपई किसायची, लसूण-मिरची ठेचून त्यात गूळ, लिंबू, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे. फिश सॉसऐवजी मीठ. पपई हलक्या हाताने, लगदा नको.

रश्मी
पपई घरचीच आहे, आत्ताच काढते 🙏