शेवटच्या सहा वर्षांत माझं मॉडेल सगळे मासे का संपवतं?

प्रश्न – अर्धवट_उकल

दोन आठवडे डोकं आपटतोय. माशांच्या एका साठ्याचं मॉडेल आहे, वाढ लॉजिस्टिक (साठा कमाल मर्यादेजवळ जाईल तशी वाढ मंदावते). वाढीचा दर ०.४, पाणी जास्तीत जास्त पोसू शकेल तो साठा १००० (हजार टनांत), सुरुवातीचा साठा ३००, डिस्काउंट रेट (उद्याचा पैसा आज वर्षामागे किती कमी मोलाचा धरायचा तो दर) ५ टक्के. वर्षाला १५० च्या वर पकडता येत नाही. भाव १, पकडण्याचा खर्च शून्य. ३० वर्षांच्या पकडीचं आजचं मोल कमाल करायचं. डायनॅमिक प्रोग्रामिंगनं, म्हणजे शेवटच्या वर्षापासून एकेक वर्ष मागे येत, सोडवलं.

पहिल्या वर्षी पकड शून्य, दुसऱ्या वर्षी ४१, मग चोविसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ९८.४ आणि साठा ४३७.५ वर ढिम्म. इथवर मी खूश. पण पंचविसाव्यापासून दरवर्षी थेट १५०! साठा ३८६, ३३१, २६९, १९८, १११ आणि शेवटी १. अक्षरशः एक. कोड चारदा तपासला, ग्रिड (साठ्याचे ज्या टप्प्यांवर हिशेब होतो ते) बारीक केली, तेच.

शिवाय सर्वांत जास्त वाढ तर ५०० वर होते (वर्षाला १००). मग ४३७.५ कुठून आलं?

उत्तर – जुना_गणिती

कोड बरोबर आहे. एकतिसावं वर्ष नाहीच असं तुम्हीच त्याला सांगितलंत, मग तो मासे कुणासाठी ठेवेल? ३० ऐवजी ४० वर्षं घ्या, तीच पडझड दहा वर्षं पुढे सरकेल आणि मधला सपाट भाग तसाच राहील. याला टर्नपाइक म्हणजे हमरस्ता म्हणतात: प्रवास कितीही लांबला तरी मधला बराच काळ त्याच वाटेवर जातो.

४३७.५ चं म्हणाल तर ५०० वर आणखी एक टन राखला तरी वाढीत भर पडत नाही. ४३७.५ वर राखलेला एक टन वर्षाला ०.०५ टन देतो, म्हणजे बरोबर तुमचा डिस्काउंट रेट. त्याच्या वर मासे पाण्यात ठेवण्यापेक्षा विकून पैसे बँकेत टाकलेले बरे. हिशेब निर्दय आहे, पण चुकीचा नाही.

अर्धवट_उकल

पटलं. म्हणून शेवटी उरलेल्या साठ्याला टनामागे १ हाच भाव लावला, एकतिसाव्या वर्षाचा धरून. आता शेवटची दोनच वर्षं १५०, पण तरी ३२३ वरच संपतं.

जुना_गणिती

कारण आज १ मिळतोय आणि तुम्ही वर्षभरानं १ देऊ करताय. त्या वर्षात मासे वाढणार, ते मोजलंच नाहीत. उरलेल्या साठ्याची किंमत ‘साठा अधिक त्याची एका वर्षाची वाढ’ अशी लावा. साठा ४३७.५ वरच थांबेल.

उत्तर – काठावरचा

थोडं विषयांतर. वाढीचा दर ०.४ ऐवजी ०.०४ टाकून बघा. गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की सावकाश वाढणारा प्राणी एकट्या मालकाच्या हातात असला, तरी तो संपवणं फायद्याचं ठरू शकतं. देवमाशांचं उदाहरण त्यातलंच. तोवर बहुतेक जण ‘मालकी नाही म्हणून लूट होते’ एवढंच म्हणत होते. तुमच्यासारखा खर्च शून्य धरला तर हे अजून भडक दिसतं. प्रत्यक्षात मासे विरळ झाले की पकडायला महाग पडतात, तेवढाच त्यांना आधार.

अर्धवट_उकल

साठा अधिक वाढ लावल्यावर शेवटची उडी गेली, तिसाव्या वर्षीही ९८.४. धन्यवाद.

मग ०.०४ टाकलं. बाकी सगळं तेच, शेवटची नवी किंमतसुद्धा. १५०, १५०, १४.३ आणि पुढची सत्तावीस वर्षं शून्य.