तालुक्याच्या कॉलेजात एआयची पदवी: प्रस्ताव म्हणजे नुसता फॉर्म नव्हे

बागाईतदार_७२
काल इथे एकाने लिहिलं, "आपल्या कॉलेजने यंदाच बी.एस्सी. एआयचा प्रस्ताव विद्यापीठाला पाठवावा. मराठी-इतिहासाला पोरं येत नाहीत, त्या खोल्या मोकळ्या करा. प्रस्ताव म्हणजे काय, एक फॉर्म आणि फी." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सांगलीकडच्या द्राक्षपट्ट्यातला. एका कॉलेजच्या विकास समितीवर तीन वर्षं होतो, दोन प्रस्ताव जवळून बघितले. २०१६ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो. कुठल्या भागात कुठला कोर्स लागतो ते त्यात आधी यावं लागतं. मग अर्ज, छाननी, शासनाची मान्यता, आणि संलग्नीकरणासाठी पाहणीला येणारी विद्यापीठाची समिती. त्या समितीच्या आदल्या रात्री शेजारच्या शाळेतले संगणक टेम्पोत घालून आणणाऱ्यांत मीही होतो. समिती गेली, संध्याकाळी संगणक परत. तीन वर्षं पोरं एका मशीनला चार-चार बसली. त्याची लाज मला आजही वाटते.

शिवाय मान्यता मिळते ती कायम विनाअनुदानित. शिक्षकाचा पगार फीमधूनच काढायचा. फी वाढली की पोरगी घरी बसते, फी कमी ठेवली की शिक्षक टिकत नाही.

काढायचीच असेल तर द्राक्ष आणि बेदाणा प्रक्रियेची पदवी काढा. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्ष बुडवायच्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल किती, रॅकवर किती दिवस, गंधकाची धुरी द्यायची तर किती, हे आमच्याकडे बापाकडून मुलाकडे अंदाजाने चालत आलंय. निर्यातीचा माल औषधांच्या अवशेषांवरून नाकारला की मग प्रयोगशाळा आठवते. सांगलीच्या बेदाण्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, सौदे दाराशी निघतात. यापेक्षा तयार प्रयोगशाळा कुठे मिळणार?

शेडवर_वाढलेली
काका, तुमचं सगळं वाचलं आणि संताप आला. आठवीपासून दर फेब्रुवारी-मार्चला मी बेदाण्याच्या शेडवर आहे. डिपिंगच्या पाण्याने बोटांची सालं निघायची, त्याच हातांनी बोर्डाचे पेपर लिहिले. आता त्याच कामाची पदवी मला द्यायची म्हणताय?

भावाला पुण्यात खोलीचं भाडं परवडलं म्हणून तो संगणक शिकला. मला पाठवलं नाही. एसटीने पंधरा किलोमीटरवर जे कॉलेज होतं तिथे जे होतं ते शिकले, बी.ए. इतिहास. मला इतिहास आवडला, पण मी तो निवडला नव्हता. तालुक्यात संगणकाची पदवी असती तर आज चित्र वेगळं असतं. "आपल्या मातीतलं शिका" हा सल्ला देणाऱ्या किती जणांची मुलं माती सोडून शिकली, तेवढं आधी सांगा.

तासिकावाली
दोघांनाही विचारते, शिकवणार कोण? प्राध्यापकाची पात्रता परीक्षा, सेट, झाले, पीएच.डी. झाली, अकरावं वर्ष तासिका तत्त्वावर. आठवड्याला नऊ तास. दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, परीक्षा चालू तर पैसे नाहीत. मानधन महिन्याला येत नाही, अनुदान आलं की येतं. एका वर्षी जुलैपासूनच्या तासांचे पैसे पुढच्या एप्रिलमध्ये मिळाले. प्राध्यापकांच्या २०८८ जागांच्या भरतीचा आकडा ऐकत आमच्यातल्या कित्येकांची उमेदीची वर्षं गेली. असलेल्या विषयांना माणसं नाहीत, आणि नवे विषय कसले काढताय?

कोडवाला_हिंजवडी
मूळ पोस्ट माझीच. प्रत्येक चर्चेत तासिका तत्त्वाचं रडगाणं आलंच पाहिजे का? विषय नव्या पदवीचा आहे.

तासिकावाली
रडगाणं? तुमच्या बी.एस्सी. एआयच्या प्रस्तावात "पात्र अध्यापक: ४" असं लिहावं लागतं, तिथे माझ्यासारख्यांचीच नावं पडतात. एका विनाअनुदानित कोर्सच्या कागदावर मी दोन वर्षं पूर्णवेळ प्राध्यापक होते. मला ते समितीसमोर सही करायला बोलावलं तेव्हा कळलं. सही केली, कारण नाही म्हटलं असतं तर नऊ तासही गेले असते. घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी. हा विषय नव्या पदवीचाच आहे, दादा.

गणित_शिक्षक
ताईंना दुजोरा. माझ्या मित्राने याच पायी नोकरी सोडून खताचं दुकान टाकलं. वर्गात बसलेल्या पोरांना हे सगळं दिसतं. "सर, तुम्हाला किती मिळतात?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि मी फळ्याकडे वळतो.

कोडवाला_हिंजवडी
शब्द चुकला, मागे घेतो. सहीचं माहीत नव्हतं. पण तासांचे पैसे वेळेवर मिळेपर्यंत नवं काहीच काढायचं नाही, हे मला पटत नाही. तोवर पोरांच्या दोन पिढ्या जातील. मी झेडपीच्या शाळेतून आलो, पहिला संगणक अकरावीत बघितला. ती दरी भरायला मला पुढची चार वर्षं लागली.

अभ्यास_मंडळ_निवृत्त
थोडं थांबा. कोर्सचं नाव हीच मोठी फसवणूक असते. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा आली. पुरेशी पोरं सीईटीला बसलीच नाहीत, तेव्हा अनेक कॉलेजांनी तोच कोर्स नाव बदलून बी.कॉम., बी.एस्सी.च्या पोटात घातला. माझ्या भाचीने असाच प्रवेश घेतला, घरात आनंद, "सीईटी नको." जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. भाचीचा नव्हता. बहिणीने गळ्यातली पोत मोडली. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी हे एका ओळीत सांगायला हवं होतं.

आणि नवी तीन-चार वर्षांची पदवीच का? संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलंय. मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे जोडविषय आहे, कौशल्याचे क्रेडिट आहेत, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. रसायनशास्त्राच्या मुलीला अवशेष तपासणी मायनरमध्ये शिकवा, इतिहासाच्या मुलीला डेटा हाताळणं शिकवा. अपयश आलं तर एक पेपर बदलतो, पोरांची पदवी अडकत नाही.

शेडवर_वाढलेली
मायनर म्हणजे पुन्हा अर्धी भाकरी. नोकरीच्या जाहिरातीत "संगणकशास्त्राची पदवी" लिहिलेलं असतं. मायनर कुणी विचारत नाही, मी विचारून बघितलंय. आणि इतिहासाच्या खोल्या मोकळ्या करा म्हणणाऱ्यांनाही सांगते, त्या विभागातल्या मॅडमनी मला एमपीएससीची पुस्तकं स्वतःच्या पैशाने आणून दिली. तो विभाग बंद करून मला काही नको.

कोडवाला_हिंजवडी
खोल्यांबद्दलचं वाक्य घाईत लिहिलं होतं. सोडतो. पदवीचा मुद्दा मात्र सोडत नाही, आणि तुमची पोस्ट माझ्याच बाजूची आहे.

शेडवर_वाढलेली
मी कुणाच्या बाजूची नाही. उसन्या संगणकांवरची पदवी मलाही नको होती.

बागाईतदार_७२
माझी थोरली पुण्यात शिकली, धाकटा बंगळूरला आहे. विचारलंस म्हणून सांगितलं. ते उत्तर देताना हात जड झाला. बेदाण्याची पदवी मी ज्या पोरींच्या नावाने मागत होतो, त्यांतल्या एकीलाही विचारलं नव्हतं. तेवढं कबूल.

पण टेम्पोचं विसरू शकत नाही. एआय असो की बेदाणा, प्रयोगशाळा आधी उभी राहिली पाहिजे, शिक्षकाची नेमणूक कागदाबाहेर खरी असली पाहिजे, फीमाफी लागू आहे की नाही ते प्रवेशाच्या पत्रकावर ठळक छापलं पाहिजे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मी प्रस्तावाला विरोधच करणार, मग तो माझ्या आवडीच्या विषयाचा का असेना. समितीवर आता नाही, पण बैठकीच्या तारखा कळतात. बारावीच्या सगळ्या मुलामुलींना घरोघर जाऊन विचारायचं असं सुचवतो. पुढच्या मार्चपर्यंत यादी होईल.

शेडवर_वाढलेली
मार्चमध्ये नका जाऊ. मुली घरी नसतात, शेडवर असतात. जूनमध्ये जा. आणि बापाला नका विचारू, तिला विचारा. मी येते सोबत.

तासिकावाली
जूनमध्ये मलाही पगार नसतो, वेळ असतो. येते.