ऑरेंजमधला ‘न’ कुठे गेला?

भाचा सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. परवा वही घेऊन आला. ‘‘मामा, ऑरेंज आधी नॉरेंज होतं का? मॅडम म्हणाल्या, ‘अ नॉरेंज’ भराभर बोलता बोलता ‘ॲन ऑरेंज’ झालं.’’

गोष्ट अर्धी खरी आहे. ‘न’ होता आणि तो गळला, हे खरं. पण गळला तो इंग्लंडात नाही, वाटेतच. मूळ शब्द आपल्याकडचा, नारंग. संस्कृतात नारङ्ग आहे, नागरङ्गही आहे. (नागपूरकरांनी लगेच हुरळून जाऊ नये. त्या नागाचा आपल्या नाग नदीशी संबंध नाही.) संस्कृतातही तो दक्षिणेकडून आला असं बरेच अभ्यासक मानतात, तमिळमध्ये नारत्तै आहे, मल्याळममध्ये लिंबाला आजही नारंगा म्हणतात. इथून तो फारसीत गेला, नारंग, अरबीत नारंज, अरबांबरोबर स्पेनमध्ये, तिथे नारांहा. तिथवर ‘न’ जागेवर आहे. इटालियनमध्ये ‘एक’ला ‘उना’ म्हणतात. ‘उना नारांचा’ म्हणताना दोन ‘न’ एकमेकांना चिकटले, ऐकणाऱ्याला एकच ऐकू आला आणि फळ ‘आरांचा’ झालं. फ्रेंचमध्ये ‘ओरांज’. इंग्रजांच्या हाती शब्द पडला तेव्हा त्याचा ‘न’ आधीच गेलेला होता.

मॅडमचं म्हणणं मात्र अगदीच वाऱ्यावर नाही. इंग्रजीत असा ‘न’ खरोखर पळवला गेला आहे, फक्त दुसऱ्या शब्दांतून. ॲप्रन हा पूर्वी नेप्रन होता. त्याचा भाऊबंद नॅपकिन, त्याच्यात ‘न’ अजून शाबूत आहे. आणि अंपायर! जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोंपेर’ म्हणजे ज्याला जोड नाही असा, दोघांच्या भांडणातला तिसरा. त्याचाही ‘न’ आधीच्या ‘अ’ला जाऊन चिकटला. हे सांगितल्यावर भाच्याला ऑरेंजपेक्षा अंपायरच जास्त आवडला.

आता रंगाचं. मराठीत आपण ऑरेंज साडी, ऑरेंज शर्ट बिनदिक्कत म्हणतो, जसा काही हा रंग इंग्रजांनीच दाखवला. खरं तर फळ येईपर्यंत त्यांच्याकडे या रंगाला सुटसुटीत नावच नव्हतं. पिवळा-लाल असं काहीतरी जोडून म्हणत. रंग म्हणून ऑरेंज सोळाव्या शतकात दिसू लागतो. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी, पण त्याचं जुनं नाव ‘लाल छातीचा’, कारण नाव पडलं तेव्हा नारिंगी शब्दच नव्हता. आपल्याकडे बघा: केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी, आणि हे चारही वेगळे. मारुतीला लावतात तो शेंदरी, त्याला कोणी केशरी म्हटलं तर माझी आई अजूनही टोकते. चारांच्या जागी एक ऑरेंज आणून ठेवणं हा घाट्याचा सौदा आहे, असं माझं मत.

हॉलंडचं ऑरेंज घराणं हे प्रकरण वेगळं. ते नाव फ्रान्समधल्या एका गावावरून आलं, आणि त्या गावाचं जुनं नाव अराउसिओ. फळाशी नातं नाही. उच्चार सारखे झाले म्हणून पुढे रंग चिकटला.

खरी गंमत पुढे आहे. आपलं नागपुरी संत्रं इंग्रजीच्या काटेकोर अर्थाने ऑरेंज नाहीच! वनस्पतिशास्त्रात स्वीट ऑरेंज म्हणजे आपली मोसंबी. संत्रं मँडरिनमध्ये मोडतं. ओळखायला शास्त्र लागत नाही, अंगठा पुरतो. संत्र्याच्या देठापाशी अंगठा रोवला की साल सैल अंगरख्यासारखी सुटून येते, फोडी आपोआप वेगळ्या होतात. मोसंबीची साल अंगाला चिकटलेली, सुरी लागतेच. म्हणजे २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावाने, आणि फळ मँडरिन. मोसंबीवाल्या जालन्याने नागपूरच्या ‘ऑरेंज सिटी’ या बिरुदावर हक्क सांगितला तर काय उत्तर द्यायचं, कोण जाणे.

आणि मँडरिन तरी कुठला? चिनी अधिकाऱ्यांना पोर्तुगीज ‘मंदारिम’ म्हणत. तो शब्द त्यांनी मलायातून उचलला, तिथे ‘मंतेरी’, आणि मंतेरी म्हणजे आपला मंत्री. त्या अधिकाऱ्यांच्या पिवळसर झग्यांवरून फळाला नाव पडलं असं मानतात. म्हणजे ऑरेंज म्हणा की मँडरिन, शब्द फिरून घरीच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मंत्री नागपुरात येतात, त्याच सुमाराला आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. मंत्री-संत्री हा जोडशब्द इतका चपखल दुसऱ्या गावात बसणार नाही.

संत्रं शब्दाबद्दलही एक दंतकथा चालते, की पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून तो आला. ऐकायला छान आहे. पण बाबराने हिंदुस्थानातल्या फळांची वर्णनं लिहिली, त्यात ‘संगतरा’ वेगळं नोंदवलेलं आहे. तो दिल्लीला आला १५२६ साली. पोर्तुगीजांना किनाऱ्यावर येऊन तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. एवढ्यात त्यांच्या गावाचं नाव उत्तरेत फळाला रुळलं असेल हे पटत नाही. मोसंबीचं मात्र सरळ आहे, मोझांबिकवरून.

पुण्याकडची मंडळी ‘संत्रं गोड आहे, संत्री घेतली’ म्हणतात, नपुंसकलिंगी. आमच्याकडे ‘संत्रा गोड आहे, दोन डझन संत्रे घेतले’. वर मी लिहिताना पुणेरी रूप वापरलं ते शाळेच्या सवयीने. बाजारात गेलो की तोंडातून संत्राच निघतो. आणि हो, देशी दारूच्या दुकानासमोर ‘संत्रा’ म्हटलं तर अर्थ पार बदलतो, पाहुण्यांनी जपावं.

इंग्रजीतून आलेलं ‘सफरचंद आणि संत्र्याची तुलना’ हे मराठीत वाचलं की दाताखाली बी आल्यासारखं होतं. इथे माणूस सरळ म्हणतो, ‘याची अन् त्याची काय बरोबरी?’

भाच्याला घेऊन बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गेलो होतो. मेट्रोतून, म्हणजे ऑरेंज लाईनने; तिला नारिंगी मार्ग म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. उतरल्यावर हातगाडीपाशी त्याने नवं ज्ञान वापरायचं म्हणून विचारलं, ‘‘भैया, ऑरेंज कसे दिले?’’

गाडीवाला संत्रे रचता रचता म्हणाला, ‘‘ऑरेंज नाही जी, संत्रा आहे. ऑरेंज पाहिजे तं तिकडं जा, बाटलीत भेटते.’’